तारीख

मंगळवार पेठेत सावळग्यांच्या छापखान्यात
मी खिळे जुळवायचो. दादामियां अत्तार,
पगार महिना अकरा रुपये.
ओळ मला उलटीच लवकर कळते,
सुलटी वाचायला अजूनही जरा थांबावं लागतं.

त्या साली गड्ड्याची जत्रा उठली
आणि म्युन्सिपाल्टीच्या अध्यक्षाची भरली.
इकडून मल्लय्या येमूल, साखर पेठेचे.
तिकडून गुरुशांतप्पा हत्तुरे, आडतवाले.
पत्रकं दोघांचीही आमच्याकडेच.
'ध्य' आमच्या खणात चोवीसच,
दुपारपर्यंत संपायचे.
मग हत्तुऱ्यांचा अध्यक्ष सोडायचा
आणि येमुलांचा बांधायचा,
त्याच खिळ्यांनी, शाई अजून ओली.

येमूल मोगलाईतून पायी आले होते म्हणे,
बरोबर बायको, एक धोटा
आणि मराठीचे चार शब्द, त्यातल्या दोन शिव्या.
एका मागाचे चार झाले, चाराचे सोळा.
पेठेत नळ यावा म्हणून
सभेत सात वेळा उठले, सातही वेळा खाली बसवले.
आठव्यांदा उठले ते घागर घेऊनच,
पितळी, रिकामी. टेबलावर ठेवली दणकन.
"पाणी आला पायजे."
सभा हसली.
पाणी आला.

आता तीस सभासदांत त्यांचे सोळा.
पानवाल्यापासून फौजदारापर्यंत सगळ्यांनी मोजलेले.

शुक्रवारी सभा. गुरुवारी रात्री
मालक स्वतः कंदील धरून उभे राहिले.
घरपट्टी थकल्याची नोटीस, नावं चार:
संगा, दासरी, बुर्ला, गोप.
"तारीख मागल्या महिन्याची लाव. पाच."
त्या दिवशी सव्वीस होती.
मी विचारलं नाही.
पाचाचा खण वरच्या कोपऱ्यात,
डोळे मिटले तरी हात तिथेच जातो.
छापल्या चारच प्रती.
चार प्रतींसाठी कुणी ट्रेडल लावतं का ओ?

सभेत नोटीस वाचली गेली.
चौघं बाहेर पायरीवर, मुठीत पावत्या,
कालच पट्टी भरल्याच्या.
आत येमूल उभे. "चार माणसं बाहेर हाय. मोजा."
साहेबाने खिशातलं घड्याळ पाहिलं.
"मोजा की."
चौदा विरुद्ध बारा.
येमूल उठून गेले नाहीत,
आभाराचा ठराव होईपर्यंत बसून राहिले,
फेटा मांडीवर.

रात्री तळ्याच्या काठी दोनशे लोक जमले.
वेगळी सभा भरवू, आपला अध्यक्ष आपण करू,
उद्या खुर्चीही आणू, सुताराला सांगून ठेवलंय.
येमूल बराच वेळ पाण्याकडे बघत होते.
मग म्हणाले, "दोन अध्यक्ष कशाला?
नळ एकच हाय."
काही जण चिडून उठले, त्यांत दासरी पहिला.

अर्ज पुण्याला गेला. सोळा महिन्यांनी उत्तर आलं:
नोटिशीवर तारीख आहे,
तारीख पुरेशी आधीची आहे.

त्या उत्तराची बातमीही मीच जुळवली.
'आधीची' या शब्दावर काडी निसटली हातातून,
अख्खी ओळ जमिनीवर.
मालक म्हणाले, म्हातारा झालास.
मी चौतिसाचा होतो.

पुढं दोन वर्षांनी येमूल आले,
लेकीच्या लग्नाची पत्रिका घेऊन.
स्टुलावर बसले, घाम पुसला,
कुणाकुणाची नावं हवीत ते सांगितलं.
व्याह्यांच्या नावात पोटफोड्या 'ष' की शेंडीफोड्या 'श',
यावर आम्ही थोडं अडलो.
"नाव चुकला तरी चालंल, दादामियां.
तारीख तेवढी खरी लाव."

लग्न पंधराला होतं.
मी एक लावला. मग वरच्या कोपऱ्याकडे हात गेला
आणि तिथंच राहिला.
त्यांनीच पाच उचलला, दारातल्या उजेडात धरला,
कडेला झिजलेला होता जरा,
आणि माझ्या तळहातावर ठेवला.